‘पुढें चालू’ : हप्त्यांनीं येणाऱ्या कृतींची कहाणी

ग्रंथ संपूर्ण छापून मगच वाचकाच्या हातीं द्यावा, कीं जसजसा लिहून होईल तसतसा तुकड्यातुकड्यांनीं द्यावा, हा वाद छापखान्याच्या पाठोपाठ आला व अद्यापि मिटलेला नाहीं. आज तो एका अगदीं नव्या वस्तूच्या निमित्तानें पुन्हां उपस्थित झाला आहे. ती वस्तु म्हणजे व्हिडिओ गेम. कल्याणहून अथवा डोंबिवलीहून सकाळच्या गाडीनें मुंबईस कामावर जाणारा एखादा तरुण हातांतील फोनवर कथारूप खेळाचा एक भाग खेळत बसतो, ठाणें मागें पडतें न पडतें तों तो भाग संपतो, आणि पुढील भाग केव्हां निघणार ह्या विवंचनेंत त्याचा उरलेला प्रवास जातो. शेजारीं बसलेल्या वडील माणसास हा केवळ पोरखेळ वाटतो. परंतु त्या वडील माणसाच्या पणजोबांच्या काळीं ह्याच लोहमार्गानें येणाऱ्या टपालाची वाट घरोघर अशाच उत्कंठेनें पाहिली जात असे. कारण त्या टपालांत कादंबरीचें पुढील प्रकरण असे.

ह्या तुलनेंत अतिशयोक्ति मानण्याचें कारण नाहीं. नियतकालिक म्हणजे ठरल्या वेळीं वाचकाच्या दारीं येणारें पत्र. आणि त्यास ठरल्या वेळीं धांवणारें वाहन लागतें. हिंदुस्थानांतील पहिली उतारूंची आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास आली. पुढच्याच वर्षीं, १ मे १८५४ रोजीं, हा मार्ग कल्याणपर्यंत पोंचला. आणि त्याच १८५४ सालीं अंतराचा विचार न करतां वजनावर टपालहंशील आकारण्याची पद्धत देशभर सुरू झाली. त्यानंतर दहा वर्षांच्या आंत, ३ फेब्रुवारी १८६४ रोजीं, कल्याणास सार्वजनिक वाचनालय स्थापन झालें, आणि १८६६ सालीं काशिनाथ विष्णु फडके यांनीं ठाण्याहून ‘अरुणोदय’ हें पत्र काढलें. गाडी, टपाल, वाचनालय आणि वृत्तपत्र हीं चार अंगें जेथें एकत्र आलीं, तेथें हप्त्यांनीं वाचण्याची संवय जडण्यास अवधि लागला नाहीं.

विलायतेंत ही संवय आधींच रूढ झाली होती. चार्ल्स डिकन्स याची ‘पिक्विक पेपर्स’ ही कादंबरी एप्रिल १८३६ पासून नोव्हेंबर १८३७ पर्यंत मासिक अंकांनीं निघाली; एका अंकाची किंमत एक शिलिंग. आरंभीं तिच्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. चौथ्या अंकांत सॅम वेलर हें विनोदी पात्र अवतरलें, आणि खप वाढत वाढत अखेरीस चाळीस हजारांच्या घरांत गेला. ह्या एका उदाहरणांत हप्तेबंदीचे तीन मुख्य गुण दिसून येतात. पहिला हा कीं, संपूर्ण पुस्तकाची किंमत एकदम मोजण्याची ज्याची ऐपत नाहीं, तो गृहस्थ महिन्यास एक शिलिंग सहज देऊं शकतो. दुसरा हा कीं, प्रकाशकाचें सर्व भांडवल आरंभींच गुंतून पडत नाहीं. पहिल्या अंकांच्या विक्रींतून पुढील अंकांच्या कागदाचा व छपाईचा खर्च निघतो. तिसरा हा कीं, कृति चालू असतांनाच लोकांची आवडनिवड लेखकास कळते व त्याप्रमाणें त्यास आपली लेखणी वळवितां येते.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही ह्याच डिकन्सच्या चरित्रांत आहे. ‘एडविन ड्रूड’ ही त्याची शेवटची कादंबरी बारा अंकांत पुरी व्हावयाची होती. ९ जून १८७० रोजीं तो वारला, तेव्हां सहाच अंकांचा मजकूर तयार होता. कथा रहस्याची, आणि रहस्य ज्यास ठाऊक तो लेखकच निघून गेला. ज्यांनीं आधींच्या अंकांचे पैसे मोजले होते त्यांना उत्तर देण्यास कोणीही उरला नाहीं, आणि त्या रहस्याविषयीं आजतागायत निरनिराळे तर्कच चालू आहेत.

मराठींत ह्या पद्धतीस खरें तेज आणलें तें हरि नारायण आपटे यांनीं. त्यांची ‘मधली स्थिति’ ही पहिली कादंबरी १८८५ सालीं ‘पुणें वैभव’ पत्रांतून येऊं लागली. १८९० सालीं त्यांनीं ‘करमणूक’ हें स्वतःचें साप्ताहिक काढलें. तेव्हां त्यांचें वय अवघें सव्वीस वर्षांचें होतें. त्याच साप्ताहिकांतून ‘पण लक्षांत कोण घेतो !’ ही कादंबरी क्रमाक्रमानें प्रसिद्ध झाली व १८९३ सालीं ग्रंथरूप पावली. मध्यम स्थितींतील ब्राह्मण कुटुंबांत जन्मलेली यमू आपलें बालपण, लग्न, सासर, वैधव्य आणि केशवपन हें सर्व आपल्याच तोंडानें सांगते. ही कथा एका बैठकींत वाचली तर वाचक हळहळतो आणि पुस्तक मिटतो. तीच दर आठवड्यास थोडीथोडी वाचली म्हणजे यमू घरांतल्या लेकीसारखी होऊन बसते. दोन अंकांच्या मधल्या सहा दिवसांत तिच्या सासूविषयीं बोलणें निघतें, तिच्या जागीं आपली मुलगी असती तर काय झालें असतें हा विचार मनांत येतो, आणि तो विचार मिटावयाच्या आंत पुढील अंक येऊन ठेपतो. शिवाय हप्ता आटोपशीर असल्यामुळें रात्रीं जेवणें उरकल्यावर एकानें वाचावा व इतरांनीं ऐकावा हें सहज साधण्याजोगें असतें. ज्या स्त्रियांस त्या काळीं अक्षरओळख नव्हती, त्यांच्याही कानांवर यमूचे शब्द पडावयाचे तर तें ह्याच मार्गानें. समाजसुधारणेचा उपदेश व्याख्यानांतून ऐकला म्हणजे विरोध सुचतो. तोच आठवड्याआठवड्यानें माजघरांत शिरला म्हणजे विरोध कोणास करावा हेंच कळेनासें होतें.

तथापि हेंच साप्ताहिक लेखकाच्या मानेवर जूं होऊन बसलें होतें हेंही विसरतां येत नाहीं. ‘करमणूक’ १९१७ पर्यंत चालली. तितकीं वर्षें दर आठवड्यास अंकाची तजवीज करणें, आनंदाश्रम संस्थेचा कारभार पाहणें, पुण्याच्या नगरपालिकेंत लक्ष घालणें, आणि त्यांतच कादंबरीचें प्रकरण लिहून छापखान्याकडे पाठविणें हें काम साधें नव्हे. आपट्यांच्या कादंबऱ्यांत पाल्हाळ फार, हा जो आक्षेप टीकाकारांनीं वारंवार घेतला, त्याचें एक मूळ येथें आहे. ज्यास अंकाचे रकाने भरावयाचे असतात त्यास आटोपतें घेण्याची निकड नसते. शिवाय छापून गेलेलें प्रकरण परत बोलावतां येत नाहीं. विसाव्या प्रकरणीं लेखकास एखादी उत्तम कल्पना सुचली, पण तिसऱ्या प्रकरणांतील एका वाक्यामुळें ती बसेनाशी झाली, तर कल्पना सोडावी लागते किंवा ओढूनताणून खुलासा करावा लागतो. आणि सर्वांत मोठें संकट म्हणजे अपुरेपणा. आपट्यांची ‘कर्मयोग’ ही कादंबरी अशीच अपुरी राहिली. मराठींतील ह्या थोर कादंबरीकाराचा वाचकही एके दिवशीं ‘पुढें चालू’ ह्या दोन शब्दांपाशीं उभा राहिला, आणि पुढें कांहीं आलें नाहीं.

येथवरचा विचार नव्या कथांचा झाला. ठाण्याशीं ज्या प्रयत्नाचा अधिक निकट संबंध आहे तो निराळा आहे. तेथें हप्त्यांनीं प्रसिद्ध होत होतें तें नवें लेखन नव्हे. शेंकडों वर्षांपूर्वीं लिहून झालेलें आणि नाहींसें होऊं पाहणारें लेखन होतें. ह्या कार्याचा मोठा आरंभ पुण्यास जानेवारी १८७८ मध्यें ‘काव्येतिहाससंग्रह’ मासिकानें झाला. विष्णुशास्त्री चिपळूणकर, काशिनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर तुकाराम शाळिग्राम हे त्यामागील विद्वान. बखरी व ऐतिहासिक कागद, जुनीं मराठी काव्यें, आणि संस्कृत काव्यें असे त्याचे तीन विभाग होते. तिन्ही विभागांतील ग्रंथांचीं कांहीं पृष्ठें दर महिन्यास निघत.

असे ग्रंथ एकदम छापण्यास अडचणी दोन. एक द्रव्याची: जुन्या बखरीस किंवा अप्रसिद्ध कवीच्या आख्यानास गिऱ्हाईक किती मिळणार हें कोणासच ठाऊक नव्हतें. दुसरी साधनांची: पोथ्या वाड्यांत, मठांत, गांवोगांवच्या दप्तरांत विखुरलेल्या, कांहींस कसर लागलेली, कांहींचीं पानें गहाळ. मासिक पद्धतीनें दोन्ही अडचणींवर थोडाबहुत उतारा पडे. वर्गणी आगाऊ आली म्हणजे महिन्यापुरता कागद घेतां येई. आणि एखाद्या काव्याचा आरंभ छापून गांवोगांव गेला, म्हणजे तो वाचणाऱ्या कोणा गृहस्थास आपल्या माळ्यावरच्या पोथीचें स्मरण होणें शक्य होतें. संपूर्ण ग्रंथ छापल्यानंतर अशी पोथी मिळाली तर ती दुसऱ्या आवृत्तीची वाट पाहत पडून राहते. ग्रंथ चालू असतांना मिळाली तर पुढील अंकापासूनच उपयोगी पडते.

विनायक लक्ष्मण भावे यांनीं हें सर्व पाहिलें होतें. १८७१ सालीं जन्मलेले भावे हे भौतिक शास्त्रांचे पदवीधर, व्यवसायानें मिठागरवाले, आणि मनानें मराठी ग्रंथांचे वेडे. बावीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं तोंच, १ जून १८९३ रोजीं, विष्णु भास्कर पटवर्धन यांच्या साहाय्यानें त्यांनीं ठाण्यास मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन केलें. इंग्रजी ग्रंथांचीं कपाटें भूषण म्हणून मिरविण्याच्या त्या काळांत केवळ मराठी ग्रंथांचा संग्रह करावयाचा हा निश्चयच धाडसाचा होता. पुढें १९०३ सालीं त्यांनीं ‘महाराष्ट्र कवि’ हें मासिक सुरू केलें, आणि जुन्या मराठी कवींचीं अप्रसिद्ध काव्यें त्यांतून महिन्यामहिन्यास देण्याचा उपक्रम केला. कालांतरानें ‘मराठी दप्तर’ ह्या नांवानें ऐतिहासिक मजकुराचे जे भाग त्यांनीं काढले, त्यांस त्यांनीं ‘रुमाल’ असें नांव दिलें. जुन्या दप्तरखान्यांत कागद रुमालांत बांधून ठेवीत. एक रुमाल सोडावा, वाचावा आणि मग दुसरा सोडावा, हीच रीत छापील ग्रंथासही लागू झाली.

जुन्या काव्याच्या बाबतींत हप्तेबंदीचा मोहक गुण मात्र नाहींसा होतो. रामकथेंत पुढें काय होणार हें वाचकास आजीच्या मांडीवर बसल्यापासून ठाऊक असतें. येथें सॅम वेलर येऊन खप वाढवीत नाहीं. ओवीबद्ध ग्रंथाचा मधलाच तुकडा हातीं आला, म्हणजे मागचा संदर्भ विसरलेला व पुढचा अद्याप आलेला नाहीं, अशा स्थितींत रसास्वाद कठीण होतो. एखादा अंक टपालांत गहाळ झाला तर काव्यास कायमचें भोंक पडतें. वर्गणीदार कमी झाले तर ग्रंथ मध्येंच थांबण्याची टांगती तलवार असतेच. मग भाव्यांसारख्या हिशेबी व्यापाऱ्यानें हा मार्ग कां पत्करावा? याचें उत्तर असें कीं, त्यांच्यापुढें संपूर्ण ग्रंथ व अर्धा ग्रंथ अशी निवड नव्हती. अर्धा छापील ग्रंथ आणि कसरीनें खाल्लेली संपूर्ण पोथी अशी ती निवड होती. नव्या कादंबरीचा शेवट लिहिला गेला नाहीं तर वाचकाची निराशा होते. जुन्या काव्याची एकमेव प्रत नष्ट झाली तर तो कवि दुसऱ्यांदा मरतो. ज्यास हा भेद कळला त्यास हप्त्यांचे दोष सोसण्याजोगे वाटले.

भाव्यांच्या मुख्य ग्रंथाचा इतिहास तर ह्या पद्धतीचा सर्वोत्तम नमुना आहे. ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा मराठी वाङ्मयाचा इतिहास प्रथम १८९८-९९ च्या सुमारास प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर यांच्या ‘ग्रंथमाला’ मासिकांतून प्रसिद्ध झाला. त्या वेळीं महानुभाव पंथाचें विपुल वाङ्मय सांकेतिक लिपींत बंद होतें. पंथाबाहेरच्या अभ्यासकास तें वाचतां येत नव्हतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं त्या लिपीचा उलगडा झाला, आणि त्या कामांत स्वतः भाव्यांनींही परिश्रम केले. त्यामुळें मराठी वाङ्मयाच्या आरंभकाळाचें चित्रच पालटलें. १९१९ सालीं ‘सारस्वत’ वाढलेल्या स्वरूपांत ग्रंथरूपानें आलें, आणि १९२४ सालीं त्याची आणखी सुधारलेली आवृत्ति निघाली. दोन वर्षांनीं, १९२६ सालीं, भावे वारले. आणि त्यांच्या पश्चात् डॉ. शंकर गोपाळ तुळपुळे यांनीं त्या ग्रंथास विस्तृत पुरवणी जोडली. मासिकांतील पहिल्या लेखापासून १९२४ च्या आवृत्तीपर्यंत सव्वीस वर्षें एकच कृति ‘पुढें चालू’ राहिली. भाव्यांनीं सर्व साहित्य हातीं येईपर्यंत लेखणी उचलावयाची नाहीं असें ठरविलें असतें, तर महाराष्ट्रास पंचवीस वर्षें ह्या ग्रंथाशिवाय राहावें लागलें असतें. आणि पहिल्या हप्त्यांसच अंतिम मानलें असतें, तर महानुभाव कवि त्यांत कधींच आले नसते.

आतां पुन्हां खेळांकडे वळावें. खेळ हप्त्यांनीं देण्याची कल्पना फोनच्या काळांतील आहे असा समज आहे. परंतु नभोवाणीच्या श्रोत्यांस कौतुक वाटेल अशी गोष्ट ही कीं, तिचा एक प्रसिद्ध आरंभ नभोवाणीच्याच साह्यानें झाला. १९९५ सालच्या एप्रिल महिन्यांत जपानांत निंटेंडो कंपनीनें सेंट गीगा ह्या उपग्रह-नभोवाणी संस्थेच्या मदतीनें ‘सॅटेलाव्ह्यू’ ही सेवा सुरू केली. घरच्या खेळयंत्रास एक जोड बसवावयाची, आणि ठरलेल्या वेळीं आकाशांतून येणारा खेळ उतरवून घ्यावयाचा. त्याच वर्षीं ऑगस्टांत ‘झेल्डा’ ह्या लोकप्रिय कथेचा एक खेळ चार आठवड्यांत चार भागांनीं प्रक्षेपित झाला. खेळ चालू असतांना निवेदक व पात्रें यांचे आवाज नभोवाणीवरून त्याच क्षणीं ऐकूं येत, म्हणून सर्व खेळाडूंनीं तो एकाच घटकेस खेळावयाचा असे. जून २००० अखेर ही सेवा बंद झाली. यंत्रांत उतरलेला खेळाचा भाग कांहीं जणांकडे राहिला. आवाज मात्र यंत्रांत सांठत नसत, ते हवेंत विरून गेले. हप्ता हा असा क्षणाशीं बांधलेला असला म्हणजे त्याची गोडी मोठी, आणि त्याचा नाशही तितकाच सोपा.

पुढें इंटरनेटवरून खेळ विकतां येऊं लागल्यावर ह्या पद्धतीस भर आला. ‘हाफ-लाइफ २’ हा खेळ तयार होण्यास कित्येक वर्षें लागून तो २००४ सालीं निघाला होता. तेव्हां पुढील कथा लहान लहान भागांनीं लौकर द्यावी असें व्हॉल्व्ह कंपनीनें योजिलें. पहिला भाग जून २००६ मध्यें आला, दुसरा ऑक्टोबर २००७ मध्यें. आणि दुसऱ्याच्या शेवटीं कथा ऐन संकटांत सोडून कंपनी थांबली. तिसरा भाग कधींच निघाला नाहीं. लौकर देतां यावें म्हणून जी पद्धत पत्करली, तिनेंच कथा कायमची अडकवून ठेवली. ‘सिन’ ह्या खेळाचे नऊ भाग योजिले होते. २००६ सालीं पहिला निघाला आणि तोच शेवटचा ठरला. ‘केंटकी रूट झीरो’ हा पांच अंकांचा नाट्यमय खेळ जानेवारी २०१३ मध्यें सुरू झाला, तो पुरा होण्यास जानेवारी २०२० उजाडलें. ज्यानें पहिला अंक विद्यार्थिदशेंत खेळला, त्यानें पांचवा संसारांत पडल्यावर खेळावा, इतका हा अवधि आहे. तथापि तो पुरा झाला, आणि उत्तम झाला, हें त्याच्या कर्त्यांस भूषणावह होय.

ह्या पद्धतीचें यश व अपयश दोन्ही पाहावयाचीं असतील तर टेलटेल ह्या अमेरिकन कंपनीचा इतिहास पाहावा. तिचा ‘द वॉकिंग डेड’ हा खेळ एप्रिल ते नोव्हेंबर २०१२ ह्या काळांत पांच भागांनीं निघाला व अत्यंत लोकप्रिय झाला. त्यांत प्रेतवत् माणसांनीं ग्रासलेल्या देशांत एका अनाथ मुलीस संभाळावयाचें असतें; आणि कोणास वांचवावें, कोणाशीं खरें बोलावें, हे निर्णय खेळाडूनें घ्यावयाचे असतात. एका भागांत घेतलेला निर्णय पुढल्या भागांत आठवणीनें समोर येतो. मधल्या आठवड्यांत खेळाडू आपल्या निर्णयाविषयीं मित्रांशीं वाद घालतो, पस्तावतो, स्वतःचें समर्थन करतो. ‘करमणूक’ पत्राच्या दोन अंकांमधील सहा दिवसांची किमया ती हीच. फरक इतकाच कीं, यमूचें दैव वाचकाच्या हातीं नव्हतें, आणि येथें तें अंशतः तरी खेळाडूच्या हातीं असल्याचा भास होतो. परंतु सप्टेंबर २०१८ मध्यें ही कंपनी अकस्मात् कोलमडली. त्या वेळीं ह्याच मालिकेचें अखेरचें पर्व चालू होतें. चार भागांपैकीं दोनच निघाले, आणि सर्व भागांचे पैसे आधींच भरून बसलेले लोक हवालदिल झाले. स्कायबाउंड ह्या दुसऱ्या कंपनीनें काम हातीं घेऊन मार्च २०१९ पर्यंत उरलेले दोन भाग पुरे केले, म्हणून त्या अनाथ मुलीची कथा शेवटास गेली.

अशा अनुभवांमुळें कांहीं कर्ते ह्या पद्धतीपासून मागें फिरले आहेत. ‘हिटमॅन’ हा खेळ २०१६ सालीं मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत भागाभागानें आला. २०१८ सालीं त्याचा पुढचा खेळ मात्र संपूर्ण स्वरूपांत एकदम विक्रीस ठेवला गेला. ‘लाइफ इज स्ट्रेंज’ ही मालिका २०१५ सालीं पांच हप्त्यांनीं सुरू झाली. २०२१ सालीं तिच्यांतील ‘ट्रू कलर्स’ ह्या खेळाचे अध्याय पाडलेले होते, परंतु ते सर्व एकाच दिवशीं मिळाले. अध्याय राहिले, वाट पाहणें गेलें. अपुरेपणाचें भय त्यामुळें टळलें हें खरें. परंतु मधल्या दिवसांतील चर्चा आणि हुरहुर यांसही खेळाडू मुकला.

येथें एक भेद लक्षांत घेणें अवश्य आहे. हप्त्यांनीं येणाऱ्या सर्वच कृति एका जातीच्या नसतात. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरील ‘पुन्हां प्रपंच’ ही श्रुतिकामाला अनेक घरांत आवडीनें ऐकली गेली. तिच्यांतील मीनावहिनी आणि टेकाडे भाऊजी हीं माणसें पुन्हां पुन्हां भेटत, परंतु प्रत्येक भेट त्या दिवसापुरती पुरी होई. अशी मालिका कोठेंही थांबली तरी श्रोत्यास रुखरुख लागते, फसवणूक वाटत नाहीं. तीं माणसें गांव सोडून गेलीं असें मनाचें समाधान करतां येतें. उलट एकाच कथेचे तुकडे पाडले असतील तर प्रत्येक तुकडा पुढच्याचें ऋण काढूनच संपतो. ऋण काढणारानें परतफेडीची तरतूद केली पाहिजे. आपट्यांचे बहुतेक ग्रंथ पुरे झाले, म्हणून ‘कर्मयोग’ अपुरा राहिल्याचें वाचकानें सोसलें. ज्याचा पहिलाच खेळ अपुरा राहिला त्यास दुसऱ्या वेळीं आगाऊ पैसे कोण देणार? वर्गणी हा केवळ पैशाचा व्यवहार नव्हे, तो शब्दाचा व्यवहार आहे. जुनीं मराठी मासिकें थकलेल्या वर्गणीबद्दल वाचकांवर रागावत असत. परंतु वाचकाची बाकी जशी संपादकाकडे मांडलेली असते, तशीच संपादकाची बाकी वाचकाच्या मनांत मांडलेली असते.

ह्या सर्व प्रकरणांत ग्रंथसंग्रहालयाचें काम काय, हा शेवटचा प्रश्न. आणि ठाणें-कल्याणच्या वाचकांस तो अगदीं जवळचा आहे. हप्त्यांनीं आलेली कृति प्रथम सुटीच असते. अंक हातोहात जातात, फाटतात, पुड्या बांधण्यास वापरले जातात. कोणीतरी ते क्रमानें लावून, उणा अंक मिळवून, बांधणी करून कपाटांत ठेवतो, तेव्हां त्या सुट्या अंकांचा ग्रंथ होतो. लेखक हप्ते लिहितो, मुद्रक छापतो, परंतु त्यांस टिकाऊपणा देतो तो संग्राहक. भाव्यांनीं मासिक काढण्याच्या दहा वर्षें आधीं ग्रंथसंग्रहालय काढलें, हा क्रम योगायोगानें जुळला असला तरी अर्थपूर्ण आहे. कापडी बांधणीच्या त्या जुन्या मासिकांचे खंड जेथें जेथें जपले गेले, तेथें तेथें एकोणिसाव्या शतकाचा वाचक काय वाचत होता व कशासाठीं ताटकळत होता, हें आजही पाहतां येतें.

खेळांच्या हप्त्यांस असा संग्राहक अद्याप पुरेसा लाभलेला नाहीं. टेलटेल कंपनी बुडाल्यावर तिचे कांहीं खेळ विक्रीच्या यादींतूनच काढले गेले. ज्यांनीं ते आधीं घेतले नव्हते त्यांस ते सरळ मार्गानें मिळेनासे झाले. कागदाचा अंक निदान माळ्यावर पडून राहतो, आणि पन्नास वर्षांनीं कोणाच्या तरी हातीं लागतो. यंत्रांतील हप्ता विकणाराच्या दुकानांतून गेला, किंवा तो चालविणारें यंत्रच जुनें झालें, म्हणजे त्याचा माग काढणें दुर्घट होतें. सांकेतिक लिपींतील महानुभाव पोथी उलगडण्यास निदान पोथी हातांत होती.

ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय आणि कल्याणचें सार्वजनिक वाचनालय ह्या दोन्ही संस्था आजही चालू आहेत. २०१० सालच्या डिसेंबरांत ठाण्यास आणि २०१७ सालच्या फेब्रुवारींत डोंबिवलीस अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनें भरलीं. ह्या पट्ट्यांतील वाचक वाचनापासून दूर गेलेला नाहीं याचीच ती खूण होय. त्याच घरांतील मुलें आज फोनवर कथा खेळतात. त्यांच्या वडिलांनीं त्यांस हप्त्यांनीं येणाऱ्या कथेचा नाद सोड असें सांगण्यांत अर्थ नाहीं. तो नाद ह्या प्रांतास पिढ्यान् पिढ्यांचा आहे, आणि त्या नादानें यमूचें दुःख घराघरांत पोंचविलें व कित्येक जुन्या कवींस कसरीच्या तोंडून सोडविलें. सांगावयाचेंच तर इतकें सांगावें कीं, पहिल्या हप्त्याचे पैसे देण्यापूर्वीं कर्त्यानें मागील कथा पुरी केली होती कीं नाहीं हें पाहावें, आणि जें आवडलें त्याची एक प्रत कोठेंतरी जपून ठेवावी. मिठागरांचा हिशेब पाहतां पाहतां ठाण्याच्या एका तरुणानें १८९३ सालीं हेंच केलें होतें.